इंजिन बंद करतो, पण निजायचं कुठे?

प्रति,
कोकणपट्टीतले कारखाने, बंदरं, कंटेनर यार्ड आणि गोदामं यांचे सर्व व्यवस्थापक
(तळोज्यापासून सावंतवाडीपर्यंत, ज्यांच्या गेटवर आमचा नंबर लागतो ते सगळे)

सादर नमस्कार.

तुमच्या गेटमधून आत शिरलं की पहिली पाटी दिसते ती "इंजिन बंद ठेवा" ही. लाल अक्षरात, खाली सुरक्षा विभागाचं नाव. हे पत्र त्या पाटीबद्दल आहे. ती काढा असं मी म्हणत नाही. राहू द्या ती.

आधी माझी ओळख सांगतो. मी कणकवली तालुक्यातला. सव्वीस वर्षं स्टिअरिंगवर आहे, त्यातली शेवटची अकरा एकाच शेठकडे. उरण, तळोजा, रोहा, महाड, लोटे, रत्नागिरी, खाली गोवा असा माझा फेरा. कधी पोती, कधी ड्रम, कधी कागदाचे रोल. तीन वर्षं टँकरही चालवला, मग सोडला. हे पत्र मी बोललो आणि पुतणीने टाइप केलं. शुद्धलेखन तिचं, तक्रार माझी.

पाटी का लावली ते मला कळतं. सॉल्व्हंटने भरलेला टँकर शेजारी उभा असताना कोणी इंजिन चालू ठेवून पाय पसरले तर मी स्वतः त्याला शिव्या घालीन. अशा आवारात सायलेन्सरच्या तोंडाला स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) लावल्याशिवाय गाडी आत घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. शिवाय तीस-चाळीस गाड्या रात्रभर घुरघुरत राहिल्या तर तो धूर आधी आमच्याच नाकात जातो. बीएस-सहाच्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या, गाड्या आल्यापासून आणखी एक भानगड झाली आहे. गाडी उभी करून इंजिन तासन्‌तास चालवलं की सायलेन्सरमधली काजळीची गाळणी तुंबते, समोर दिवा लागतो, आणि सर्व्हिसचं बिल बघून शेठचा चेहरा असा होतो की त्यापेक्षा उकाडा परवडला.

डिझेलचाही हिशोब आहेच. एसी लावून गाडी उभी चालू ठेवली तर माझ्या गाडीला तासाला दोन-अडीच लिटर जातं. आठ तास झोपायचं तर वीस लिटर धरा. लिटरला नव्वद रुपये धरले तरी एका झोपेचे अठराशे झाले. माझा दिवसाचा भत्ता त्याच्या पाव हिश्श्याएवढाही नाही. गाडीत जीपीएस आहे. गाडी जागची न हलता इंजिन दहा मिनिटं चाललं की शेठच्या मोबाइलवर 'आयडलिंग' म्हणून घंटी वाजते, आणि महिनाअखेरीस ती माझ्या पगारातही वाजते. शेठ वाईट माणूस नाही. दोन गाड्या आहेत, दोन्ही कर्जावर.

म्हणजे गेटवर तुम्ही इंजिन बंद करायला सांगता आणि फोनवरून शेठ सांगतो. दोघांचंही चूक नाही. इंजिन बंद होतं आणि मग केबिन उरते.

ज्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये रात्र काढलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडच्या ट्रकला पुढे नाक नसतं, इंजिन केबिनच्या खालीच असतं. घाट चढून आलेली गाडी बंद केली तरी ते एक-दोन तास तापलेलंच राहतं. चुलीतला जाळ ओढून घेतला तरी खापरी कशी लगेच निवत नाही, तसं. वरून दिवसभर उन्हात भाजलेला पत्रा. सीटच्या मागे झोपायची फळी, तिच्यावर कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागतं. काच खाली केली तर खाडीचे डास, वर केली तर वारा बंद. काच खाली ठेवून गाढ झोपलो आणि मोबाइल गेला, असं माझं दोनदा झालंय. एकदा तर उशाखालून. चोवीस व्होल्टचा छोटा पंखा असतो, पण तो रात्रभर चालवायचा म्हणजे सकाळी बॅटरी बसायची भीती, आणि भरलेली गाडी धक्का मारून सुरू होत नाही.

तुम्ही म्हणाल, आता एसी आला ना. आला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालगाडीच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चांगला नियम आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. शेठची नवी गाडी एसीची आहे आणि वडखळच्या ट्रॅफिकमध्ये दुपारी दोन वाजता मी त्या नियमाला हात जोडलेत. पण हा एसी इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद की एसी बंद. गाडी चालत असते तोवर मी थंड, आणि झोपायची वेळ झाली की मी आणि चाळीस वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर सारखेच. आणि ज्या जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत त्यांना तो नियम लागूच नाही.

देशावरचे ड्रायव्हर आम्हाला हसतात. म्हणतात, तुमच्याकडे पारा चौतीस-पस्तीसच्या वर जात नाही आणि तुम्ही बोंबलता. मी नागपूरला चव्वेचाळीसमध्ये झोपलोय, म्हणून फरक सांगू शकतो. तिकडे पंचा भिजवून अंगावर टाकला की तो वाळता वाळता गारवा देतो, अर्ध्या तासाने पुन्हा भिजवायचा. इकडे मे महिन्यात पंचा भिजवून टाका, पहाटेपर्यंत तसाच ओला. घाम येतो, पण हवेत आधीच एवढं पाणी असतं की तो सुकत नाही, नुसता ओघळतो. अंग निवायचं कसं? हवामान खात्यालाही हे ठाऊक आहे. सपाटीवर उष्णतेची लाट म्हणायला पारा निदान चाळीसला लागतो, किनारपट्टीवर सदतीसला. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात सोहळ्याला बसलेली १४ माणसं उष्माघाताने गेली. त्या दिवशी तिकडचा पारा काही विदर्भाचा नव्हता. आणि ते तर उघडं मैदान होतं, पत्र्याचा डबा नव्हे.

आता माझी गोष्ट. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच्या गेटवरचं नाही.

गेल्या वैशाखात रायगड जिल्ह्यातल्या एका कारखान्यात शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला पोचलो. पोत्यांचा माल. काट्यावर गाडीचं वजन झालं, टोकन मिळालं, गाडी यार्डात लावली, पाटीप्रमाणे इंजिन बंद केलं. सातला वॉचमन सांगायला आला की आत स्टॉक मोजायचं काम चालू आहे, गाड्या सोमवारी खाली होतील. मी म्हटलं, मग बाहेर हायवेला ढाब्यावर लावतो, सोमवारी येतो. तर म्हणाला, बाहेर गेलास तर टोकन रद्द, परत शेवटून नंबर. यार्डात झाड नव्हतं. चौफेर आठ फुटी भिंत.

पहिली रात्र केबिनमध्ये काढली. दोन वाजता बॅटरीच्या भीतीने पंखा बंद केला आणि मग उजाडेपर्यंत दरवाजा उघडून पायरीवर बसलो. आईचा फोन सकाळी येतो रोज, सव्वीस वर्षांत तिचे प्रश्न बदलले नाहीत. "जेवलंस? रात्री खंय निजलंस?" पहिल्याचं उत्तर मी खरं देतो.

शनिवारी रात्री गाडीखाली चटई टाकली. सिमेंटची जमीन, तीही तापलेली, पण निदान वारा लागतो. सगळेच तसं करतात. ज्यांच्याकडे जाळी आहे ते चाकांच्या मध्ये झोळी बांधतात. शेजारच्या सोळा चाकीवर एक क्लीनर होता (क्लीनर आता फार थोड्या गाड्यांवर उरलेत), उत्तर प्रदेशातला, एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. तो स्वतःच्या गाडीखाली जागा नाही म्हणून पलीकडच्या ट्रेलरखाली जाऊन निजला, कोणाला न सांगता. पहाटे चारला त्या ट्रेलरवाल्याला हाक आली की गाडी पुढे घे, टँकरला वाट हवीय. त्याने अंधारात सेल्फ मारला. पोरगा आवाजाने सरकला म्हणून वाचला. चाक गेलं तिथे चटईचा कोपरा होता. त्यावर कोणी काही बोललं नाही. पोरगा हसला, तोंड धुऊन आला आणि आमच्या सगळ्यांसाठी चहा ठेवला.

रविवारबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रविवारी नुसतं ऊन होतं.

सोमवारी अकरा वाजता माझा नंबर लागला. गाडी पन्नास मिनिटांत खाली झाली. त्या पन्नास मिनिटांसाठी मी पासष्ट तास त्या भिंतींच्या आत होतो, आणि त्यातली झोप मोजली तर सात-आठ तासही भरणार नाहीत. मग महाड, पोलादपूर, कशेडी. कशेडीच्या बोगद्यात शिरल्याचं मला आठवतं. बाहेर कधी पडलो ते आठवत नाही. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, गाडी आपल्या लेनमध्ये होती. पण मधलं काहीच आठवत नाही. मागे एसटी होती, बहुतेक लाल डबा. खेडच्या अलीकडे एका टपरीशेजारी गाडी लावली आणि फणसाच्या झाडाखाली आडवा झालो. टपरीवाल्या मावशींनी तीन तास कोणाला माझ्याजवळ येऊ दिलं नाही. शेठचे नऊ फोन येऊन गेले होते.

व्यवस्थापक साहेब, त्या एसटीत तुमच्याकडच्या कामगारांची घरची माणसंही असू शकतात, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

इंजिनशिवाय झोप लागतच नाही असं मुळीच नाही. माझ्या आयुष्यातली उत्तम झोप मी बंद ट्रकमध्येच काढली आहे, कोकण रेल्वेच्या रो-रोवर. १९९९ साली ही सेवा सुरू झाली, कोलाडला ट्रक वाघिणीवर चढवायचा आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवायचा, पुढे सुरतकलपर्यंतही जातो. ट्रक पक्का बांधतात आणि ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये. इंजिन सुरू करायचा प्रश्नच नाही. गाडी पळत असली की दोन्ही खिडक्यांतून वारा आरपार, कामथ्याच्या पुढे तर अंगावर चादर घ्यावी लागते. पूर्वी डिझेल इंजिनं होती तेव्हा करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात काचा लावून, नाकाला फडकं धरून बसायचो. २०२२ मध्ये पूर्ण मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि तो धूर गेला. पण वीरच्या पुढे एकेरी रूळ, क्रॉसिंगला गाडी साइडला टाकली की दुपारच्या वेळी पाच मिनिटांत केबिनचा भट्टा होतो. वर पंचवीस हजार व्होल्टची तार, त्यामुळे ताडपत्रीवर चढून बसायचीही सोय नाही. २०२५ च्या गणपतीला रेल्वेने मोटारींसाठी रो-रो काढली, तेव्हा मोटारीत बसून जायला मनाई होती. माणसांसाठी वेगळा डबा जोडला होता, त्यात एसीसुद्धा. वाचून बरं वाटलं. मोटारवाल्यांसाठी.

सांगायचं ते हे की माणसाला झोपायला इंजिन लागत नाही. वारा लागतो, आणि डास नसलेली, पाठ टेकायची जागा लागते. ती तुमच्या भिंतीच्या आत मिळत नाही आणि तुमच्या टोकनमुळे मी भिंतीच्या बाहेर जाऊ शकत नाही.

यावर तुमच्या माणसांचं एक ठरलेलं उत्तर असतं: ड्रायव्हर आमचा नोकर नाही, ट्रान्सपोर्टरचा आहे, त्याच्याकडे माग. मागितलं असतं. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला. कामगाराला रात्री जिथे मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतीची खोली द्यावी, असं त्याच्या कलम ९ मध्ये लिहिलं होतं. पुतणीने वाचून दाखवलं तेव्हा मी दोनदा ऐकलं. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकालाच लागायचा. माझ्या शेठकडे दोन गाड्या, दोन ड्रायव्हर आणि हिशोबाला त्याची बायको. या रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या अशाच एकेकट्या, दुकट्या मालकांच्या आहेत. आणि समजा तशी सक्ती त्याच्यावर आली, तरी माझा शेठ तुमच्या यार्डात खोली कुठून बांधणार? रात्री मला थांबवून ठेवता तुम्ही. गाडी उशिरा खाली केल्याबद्दल हॉल्टिंगचे पैसे कधी मिळालेच तर तेही शेठच्या खात्यात जातात, त्यात जागरणाचा वेगळा रकाना नसतो.

सरकारी पातळीवर काहीच होत नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी हायवेवर ड्रायव्हरांसाठी एक हजार विश्रांतीगृहांची घोषणा केली. तेल कंपन्यांनी पंपांवर 'अपना घर' नावाने खाटा, आंघोळ, जेवण करायची जागा अशी सोय सुरू केली आहे. मी एकदा परराज्यात तशा ठिकाणी झोपलो, चादर स्वच्छ होती. पण ती सोय रस्त्यावरची. माझा नंबर ज्या गेटवर लागलाय तिथून ती वीस किलोमीटरवर असली काय आणि दोनशेवर असली काय.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात तर झोपायची केबिन असलेल्या ट्रकलाही २००८ पासून उभ्याने पाच मिनिटांपेक्षा जास्त इंजिन चालवता येत नाही. हेही पुतणीनेच शोधलं. पण तिथे बंदीबरोबर दुसरी वाटही आहे: बॅटरीवर चालणारा एसी, केबिनपुरतं छोटं वेगळं इंजिन, काही थांब्यांवर गाडीला जोडायला वीज. आपल्याकडे पाटी तेवढी आली.

मी एसी मागत नाही. पाटीपासून लांब, टँकरच्या रांगेपासून सुरक्षित अंतरावर, एक शेड बांधा. कृपा करून पत्र्याची नको. आमच्याकडे बैलाचा गोठासुद्धा कौलारू असतो आणि वाऱ्याची दिशा बघून बांधतात. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून येतो, रात्री उशिरा मतलई सुटतो तो पूर्वेकडून, तेव्हा दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा आणि डासांची जाळी लावा. सिमेंटचे ओटे चालतील, चटई आम्ही आणतो. वर पंखे. बाजूला मोबाइल चार्ज करायला प्लग. ज्यांच्या गाडीला बॅटरीवरचा एसी किंवा मोठा पंखा बसवलाय त्यांना बॅटरी चार्ज करायची सोय झाली तर उत्तमच. तुमच्या ज्या ऑफिसात मी बिल्टी (मालाची पावती) द्यायला गेलो तिथे दोन एसी होते आणि एक माणूस, त्यामुळे विजेचा प्रश्न नसावा. गाडी हलवायची वेळ आली की हाक मारायला वॉचमनकडे यादी असू द्या, कोण कुठे निजलाय त्याची. म्हणजे चटईचे कोपरे तपासायला नकोत.

आणि शेडपेक्षाही स्वस्त गोष्ट म्हणजे फोन. स्टॉक मोजायचा आहे हे तुम्हाला शुक्रवारी सकाळी माहीत होतं. बिल्टीवर माझा नंबर होता. गेटपासचा ओटीपी त्याच नंबरवर आला, म्हणजे तो तुमच्याकडे पोचलेलाही होता. दुपारी दोन वाजता एक मेसेज आला असता तर मी वडखळलाच थांबलो असतो, नाहीतर सरळ घरी जाऊन आलो असतो. टोकन धरून ठेवा, माणसाला जाऊ द्या. गणपतीत दरवर्षी सोळा टनांवरच्या गाड्यांना मुंबई-गोवा हायवेवर बंदी लागते. त्या दिवसांत ज्या गाड्या तुमच्या आवारात अडकतात त्यांच्या ड्रायव्हरांचंही असंच बघा. बंदीच्या तारखा आधी जाहीर होतात, आम्हालाही आणि तुम्हालाही.

पुढच्या महिन्यात माझा माल पुन्हा त्याच कारखान्यात आहे. ती पाटी मी अडीच दिवस समोर बसून पाहिली आहे, म्हणून खात्रीने सांगतो: "इंजिन बंद ठेवा"च्या खाली निदान दोन ओळींची जागा कोरी आहे. ड्रायव्हरांची शेड कुठल्या बाजूला आणि पाणी कुठे, एवढं तिथे मावतं.

आपला,
नंबर लागायची वाट बघणारा एक ड्रायव्हर
तालुका कणकवली, जिल्हा सिंधुदुर्ग

ता. क. : यार्डातल्या संडासाला रात्री आठनंतर कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते त्याची ड्युटी सहाला संपते. याला शेड लागत नाही.